तपासनिसाची तपासणी

लिफ्टमध्ये चढल्यावर माणसं आरशात बघतात, वर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघतात, अगदीच काही नाही तर स्वतःच्या बुटांकडे बघतात. आरशाशेजारी काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्याच्याकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. त्या प्रमाणपत्राखाली जी वळणदार सही असते ती माझी. या गावातली निम्मी माणसं रोज माझ्या सहीच्या भरवशावर वर जातात आणि सुखरूप खाली येतात. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरं तर बढाई म्हणूनच सांगतोय, पण पुढे माझी जी शोभा झाली ती वाचल्यावर एवढी सूट तुम्ही मला द्याल.

तर जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासणाऱ्या या माणसाची एकदा स्वतःचीच तपासणी झाली. तीही घरात, आईच्या आणि बायकोच्या देखत. मूल दत्तक घ्यायचं ठरवलं की हे होतं. ज्यांना मुलं आपोआप होतात त्यांना कुणी विचारत नाही की, तुम्ही रागीट आहात का, घोरता का, तुमच्या खिडक्यांना गज आहेत का. आम्हाला अर्जात हे सगळं विचारलं, आणि आम्ही सगळ्याची उत्तरं दिली. घोरण्याचं उत्तर आईने दिलं.

सुरुवात बायकोने केली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका बालगृहातल्या मुलांचे डोळे तपासायला दुकानाने तिला पाठवलं होतं. संध्याकाळी ती घरी आली ती पायातलं न काढताच माझ्यासमोर येऊन बसली.

"एक मुलगी आहे," ती म्हणाली. "आठ-नऊ वर्षांची. तिने तक्ता धडाधडा वाचला. अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत."

"मग चांगलंच आहे की."

"म्हणून मी तक्ता बदलला. तरी तिने पहिलाच वाचला."

मला काही कळेना. तिने सांगितलं ते असं, की त्या पोरीला समोरचं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. रांगेत उभं राहून पुढच्या मुलांचं ऐकत ऐकत तिने सगळा तक्ता पाठ केला होता. कारण चष्मा लागला तर आपल्याला कुणी घरी नेणार नाही, अशी तिची समजूत. एका कुटुंबाने तिला नेलं होतं आणि काही महिन्यांनी परत आणून सोडलं होतं. तेव्हापासून आपल्यात काही खोट दिसू नये याची ती फार काळजी घेते, असं तिथल्या ताईंनी सांगितलं.

मुलाचा विषय आमच्या घरात बरीच वर्षं होता, पण तो नेहमी बाळाचा. आठ-नऊ वर्षांच्या माणसाचा विचार आम्ही कधी केला नव्हता. मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार एवढ्यात आतून आईचा आवाज आला, "मग आणायला कधी जायचं?" आई टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली आहे. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात आणि योग्य क्षणी मध्ये पडण्यात तिची सगळी नोकरी गेली.

पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा ती बाकाच्या अगदी कडेला बसली होती. बायकोनेच करून दिलेला नवा चष्मा नाकावर होता आणि त्यातून ती माझ्याकडे असं बघत होती, की मी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"लिफ्ट तपासतो."

"बिघडलेली सापडली तर?"

"दुरुस्त करायला लावतो."

"फेकून नाही देत?"

"अगं, लिफ्ट फेकणार कुठे? इमारतीतच असते ना ती."

यावर तिने बराच वेळ विचार केला. आम्हाला निघायची वेळ झाली तेव्हा ती मला म्हणाली, "तुमचं काम बरं आहे." माझ्या कामाला आजवर एवढं चांगलं कुणी म्हटलेलं नाही. घरी येताना बसमध्येच माझं ठरलं. मला ही मुलगी हवी होती. दुसरी कुठलीही नको, हीच.

आता ही बातमी इमारतीत कशी पसरली ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, आई माझ्याच घरात राहते. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ हजर झाले. सर्वज्ञ हे त्यांचं नाव नव्हे, पण विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून जगातल्या सर्व विषयांवर ते मोफत मार्गदर्शन करतात.

"बाळ घ्या," ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "कोरी पाटी. आपण लिहू ते. मोठं मूल म्हणजे वापरलेली गाडी. आधीच्या मालकाने का काढली, हे आधी विचारावं माणसाने."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "तुमचे जावई तिशी ओलांडून तुमच्या घरात आले. ते काय कोरी पाटी होते?"

"जावयाचं वेगळं असतं."

"का? त्यांना तर आधी दोन मुलींनी नाही म्हटलं होतं. तुम्हीच सांगितलंय."

सर्वज्ञ चहा न घेता गेले. पण त्यांच्या जाण्याला फसू नये, ते परत येतात. तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकू राहतात, त्यांचा सल्ला वेगळाच होता. जिन्यात मला कोपऱ्यात घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "तिला कधी कळू देऊ नका हं, की ती दत्तक आहे."

"काकू, ती नऊ वर्षांची आहे. तिला माहीत आहे."

"तरी सांगू नका," काकू म्हणाल्या.

अर्जाबरोबर कुटुंबाचा 'नैसर्गिक भाव असलेला' एकत्र फोटो लागतो. फोटोवाल्याने आम्हाला भिंतीसमोर उभं केलं आणि तो ओरडू लागला, "नैसर्गिक व्हा! काका, तुम्ही नाही होत आहात. अजून नैसर्गिक!" माणसाने अजून किती नैसर्गिक व्हावं याला काही मर्यादा आहे. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तो फोटो परत केला. म्हणाला, "साहेब, बाकीच्या दोघी ठीक आहेत. तुम्ही यात कुणावर तरी कारवाई करणार आहात असं वाटतं." मग कुणीतरी टिपलेला एक जुना फोटो चालला. त्यात मी झोपलोय आणि बायको आणि आई हसतायत.

डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा दाखला, साहेबांचं पत्र, सगळं पार पडलं. आणि मग ठरली गृहभेट. समाजसेविका घरी येणार, घर बघणार, माणसं बघणार आणि समितीला अहवाल देणार. इथे मात्र मी बायकोला आणि आईला सांगितलं, की आता तुम्ही निर्धास्त राहा. हा माझा प्रांत आहे.

आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. तपासायला येणाऱ्या माणसाला काहीतरी सापडावं लागतं. अगदी निर्दोष लिफ्ट दिसली की तपासनीस अस्वस्थ होतो. त्याला वाटतं, हे लोक काहीतरी लपवतायत. मग तो खोलात शिरतो, आणि खोलात शिरलं की कुठेही काहीतरी निघतंच. म्हणून जुने, मुरलेले लिफ्टवाले एखादा किरकोळ दोष मुद्दाम ठेवतात. एखादा दिवा बंद, एखादं बटण ढिलं. आम्ही तो शोधतो, गंभीर चेहऱ्याने नोंदवतो, ते माना डोलावतात, सगळे खूश होऊन घरी जातात. मी या तत्त्वाचा मान राखून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराची बिजागरी थोडी ढिली करून ठेवली. धोका काही नाही, दार जरा कुरकुरावं आणि तिरकं दिसावं इतपतच.

ही युक्ती मी फक्त एका माणसाला सांगितली. सर्वज्ञांना. का सांगितली याचं उत्तर माझ्याकडे नाही. माणसाला आपली हुशारी कुणाला तरी दाखवावीशी वाटते, आणि नेमका तोच माणूस जिन्यात भेटतो.

घरात मी बोललो नाही ते चुकलं. कारण आईला ते दार तिरकं दिसलं आणि तिने स्क्रू पिळून घट्ट केला. मला तो घट्ट दिसला, मी पुन्हा ढिला केला. आईने पुन्हा पिळला. मी पुन्हा सोडवला. आमच्या दोघांच्या या मूक संवादात लाकडातलं भोक मोठं मोठं होत गेलं, आणि भेटीच्या दिवशी ते दार केवळ सवयीने जागेवर उभं होतं. त्यातच बायकोने घर ऐसपैस दिसावं म्हणून सगळी जड भांडी उचलून त्याच कपाटात कोंबली होती.

समाजसेविका बाई आल्या. शांत, बारीक, साध्या कपड्यांतल्या. त्यांच्या बोलण्यात एकच शब्द होता, तो म्हणजे "हं". मी खिडकीचे गज दाखवले, त्या "हं" म्हणाल्या. बायकोने मुलीसाठी रिकामी केलेली खोली दाखवली, त्या "हं" म्हणाल्या. आईने आपल्या गुडघ्यांचा इतिहास सांगितला, तेव्हाचा "हं" थोडा लांब होता. आईने मनातल्या मनात त्यांचं हंबाई असं नाव ठेवलं आणि बाई पाणी प्यायला वळल्या तेव्हा मला ते सांगितलंही.

त्या काही शोधतच नव्हत्या! त्या आमच्याकडेच बघत होत्या. मी बोलत असताना बायकोकडे बघायच्या, बायको बोलत असताना आईकडे. स्वयंपाकघराच्या दारातून तर त्यांनी नुसतं डोकावलं आणि वळल्या. माझा एवढा कष्टाने जोपासलेला दोष वाया चालला होता. माझ्यातला तपासनीस कळवळला.

"कपाट नाही बघितलंत?" मी म्हणालो.

"कपाट?"

"असं कसं? लहान मुलाच्या घरात कपाट बघायलाच हवं. उघडा ना, संकोच करू नका."

त्यांनी दाराला हात लावला आणि दार त्यांच्या हातात आलं. सबंध. पाठोपाठ पातेली, डबे, एक मोठी परात असा सगळा संसार खाली आला. परात बराच वेळ गोल गोल फिरत राहिली. बाई हातात दार धरून उभ्या होत्या.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"छे, मीच सगळं जड सामान त्यात भरलं," बायको म्हणाली.

"तुम्ही दोघं गप्प बसा," आई म्हणाली, "रोज पिळून पिळून मीच ते भोक मोठं केलंय."

परात थांबली. बाईंनी दार भिंतीला टेकवलं आणि म्हणाल्या, "हं."

इथे संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण बाई जायला निघाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. त्याच लिफ्टने वरून सर्वज्ञ उतरत होते. आमच्या इमारतीची लिफ्ट मला तपासता येत नाही. स्वतःच्या राहत्या जागेची तपासणी स्वतः करू नये, असा नियम आहे, आणि मी नियम पाळणारा माणूस आहे. ती माझा एक सहकारी तपासतो, ज्याच्याविषयी मी छापील जागेत काही बोलणार नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

मी जाळीतून ओरडलो, "घाबरू नका! मी लिफ्ट निरीक्षक आहे!"

"मग हे असं कसं?" आतून सर्वज्ञांचा आवाज आला.

वरच्या यंत्राच्या खोलीची चावी सेक्रेटरींच्या कपाटात, कपाटाची चावी सेक्रेटरींच्या खिशात, आणि सेक्रेटरी पोहायला गेलेले. कुणीतरी त्यांना आणायला धावलं. तोवर आई जाळीला कान लावून उभी राहिली आणि आतलं सगळं आमच्यापर्यंत पोचवू लागली, जुन्या सवयीप्रमाणे कोरड्या, स्वच्छ आवाजात.

"आता तो तुमच्या भांडणांबद्दल सांगतोय. मागे सुट्टीत कुठे जायचं यावरून झालं होतं ते."

"त्या काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"हं म्हणाल्या. आता जावयाचं सांगतोय, तू बोललास ते. आता..." आई थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी त्या नजरेला लहानपणापासून ओळखतो. "तू तो स्क्रू मुद्दाम ढिला केला होतास?"

सेक्रेटरी ओल्या केसांनी आले, लिफ्ट खाली आली, बाई बाहेर पडल्या. जाताना त्या माझ्याकडे बघून काहीच म्हणाल्या नाहीत. 'हं' सुद्धा नाही.

त्यानंतर घरात जे झालं ते मी थोडक्यात सांगतो. बायको रडली. ती रागाने रडत होती, आणि राग माझ्यावर होता. "तिकडे ती पोर तक्ते पाठ करतेय," ती म्हणाली, "आणि इकडे तुम्ही बिजागऱ्या ढिल्या करताय. तुम्हा दोघांत फरक काय? ती नऊ वर्षांची आहे, एवढाच ना?" मला भीती वाटली. आपल्या शहाणपणापायी ती मुलगी हातची गेली, असं वाटून मला खरोखर भीती वाटली.

आणि बोलावणं आलंच. 'अर्जदाराने तपासणीच्या हेतूने घरात जाणूनबुजून दोष निर्माण केल्याबाबत' समितीपुढे खुलासा करायचा होता. आम्ही तिघंही गेलो. आईला बोलावलं नव्हतं, पण आईला कुठेच बोलावत नाहीत.

लांबट खोली, मध्ये लांबट टेबल. पलीकडे अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक अधिकारी, आणि टोकाला हंबाई. मी उभा राहून खरं ते सांगून टाकलं. मुरलेले लिफ्टवाले काय करतात, मी काय केलं, आईने काय केलं. अधिकाऱ्यांनी एकदा चष्मा काढून पुसला. अध्यक्षबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला.

"खुलासा नोंदवून घेऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण मला एक वेगळंच सुचवायचं आहे. तुम्ही बाळाच्या रांगेत का नाही जात? वेळ लागेल, पण तिथे सगळं सोपं असतं. हे प्रकरण मुळात अवघड आहे. या मुलीला एका कुटुंबाने परत केलंय. उलट बोलते, खोटं बोलते, उशीखाली खाणं लपवते, दारं आपटते, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही भले लोक दिसता. उगाच कशाला?"

आता मला एक गोष्ट मान्य आहे, की माझा आवाज चढायला नको होता. पण चढला.

"बाई," मी म्हणालो, "जन्मभर मी तक्रारी वाचतोय. लिफ्ट आवाज करते, धक्के देते, मधेच थांबते. जाऊन बघावं तर आत माणसं कोंबलेली असतात आणि तेल वर्षानुवर्षं घातलेलं नसतं. एका भुकेल्या पोरीने खाणं लपवलं आणि तिचं कुणी ऐकेना म्हणून दार आपटलं. हे तुम्ही तिच्या खात्यावर का लिहिता? नेणाऱ्यांच्या खात्यावर लिहा ना! आणि उलट बोलण्याचं म्हणाल तर आमच्या घरात सगळेच उलट बोलतात. तुम्ही सुरू करा, मी दाखवतो."

"तो दाखवेल," आई म्हणाली.

"आम्हाला बाळाच्या रांगेत जायचं नाही," बायको शांतपणे म्हणाली. "आम्हाला कुठलंतरी मूल नकोय. ही हवीय. तुम्ही आज नाही म्हणालात तर आम्ही पुन्हा अर्ज करू. त्याला नाही म्हणालात तर पुन्हा. हे गृहस्थ निवृत्त होईपर्यंत करू, आणि निवृत्त झाल्यावर तर ते रोज येऊन बसतील. तुम्ही त्यांना ओळखत नाही."

तेव्हा टोकाला बसलेल्या हंबाई बोलल्या, आणि त्या चक्क वाक्य बोलल्या.

"मी माझा अहवाल वाचू का? या कुटुंबाला लपवाछपवी अजिबात जमत नाही, करायला गेले तर लगेच पकडले जातात. माझ्या हातात कपाटाचं दार आलं तेव्हा घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. तिघंही 'माझ्यामुळे झालं' म्हणाले. मी पुष्कळ घरं बघितली आहेत. काही फुटलं की तिथे पहिला प्रश्न असतो, कुणी केलं? माझी शिफारस आहे." एवढं बोलून त्या दमल्यासारख्या मागे टेकल्या.

अध्यक्षबाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं, अधिकाऱ्यांनी छताकडे बघितलं, आणि ठरलं. आधी काही महिने मुलगी सांभाळायला द्यायची, आणि मग कायमची दत्तक. मुलगी खालीच ताईंबरोबर आली होती, तिला वर बोलावणं गेलं.

तेवढ्यात अधिकाऱ्यांनी सह्यांचे कागद पुढे सरकवले. बायको चष्म्याच्या दुकानातली आहे, ती बारीक अक्षर सोडत नाही. एकेका पानावर सही करत ती शेवटच्या पानावर थांबली.

"हे काय आहे?"

"ते आपलं नेहमीचं," अधिकारी म्हणाले. "या काळात मूल घरात रुळलं नाही तर तुम्हाला ते परत करता येतं. तुमच्याच सोयीचं कलम आहे."

"मग आमच्या सोयीने ते काढून टाका."

"काढता येत नाही. छापील आहे. सही केल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

"मी करणार नाही," बायको म्हणाली आणि तिने पेन माझ्याकडे दिलं. मीही ते टेबलावर ठेवलं. जन्मात मी पहिल्यांदा सही करायला नकार देत होतो आणि मला त्याची फार मजा वाटत होती.

"अहो, कुणी परत करा असं म्हणत नाहीये! नुसती सही करा. वापरू नका ते कलम!"

"वापरायचं नाही तर ठेवायचं कशाला?" आई म्हणाली.

याच वेळी दार उघडलं आणि ती आत आली. पाठीवर सगळ्या सामानाची पिशवी, नाकावर चष्मा. तिने खोलीतल्या प्रत्येकाकडे एकेकदा बघितलं आणि सरळ अधिकाऱ्यांना विचारलं, "मला कधीपर्यंत कळेल?"

"काय कळेल, बाळ?"

"परत यायचं की नाही ते."

अधिकारी वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. त्यांचा चेहरा पडला. "ते मोठ्यांचं आहे," ते कसंबसं म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

बायकोने तो कागद उचलला, टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या समोर धरला. दुकानात ती ज्या आवाजात गिऱ्हाइकाला ओळ वाचायला सांगते, अगदी त्याच आवाजात म्हणाली, "शेवटची ओळ वाचा. मोठ्याने. तिला ऐकू जाईल अशी."

"असं... असं वाचून दाखवायची पद्धत नाही."

"का? छापील आहे ना? तिच्याबद्दलच आहे ना? वाचा."

अधिकाऱ्यांनी कागदाकडे बघितलं. मग मुलीकडे बघितलं. ती मान वर करून वाट बघत होती, चष्म्यातून, डोळ्याची पापणी न हलवता. त्यांनी घसा साफ केला. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"मला नाही वाचता येत," ते म्हणाले.

"मग आम्हाला सहीही करता येत नाही," मी म्हणालो. "आमच्या खात्याचा नियम आहे, जी सूचना आत उभ्या असलेल्या माणसाला वाचून दाखवता येत नाही, ती लावू नये." असा काही नियम आमच्या खात्यात नाही. पण असायला हवा, आणि मी तो तिथल्या तिथे केला.

अध्यक्षबाईंनी हात पुढे केला, कागद घेतला, आणि त्या छापील ओळीवर आडवी रेघ मारली. पुन्हा एक मारली. शेजारी स्वतःची सही केली. "वरून काही आलं तर मी बघते," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या. "आणि आता यांना न्या इथून, माझं डोकं दुखायला लागलंय."

आम्ही दोघांनी सह्या केल्या. आईनेही एक केली, तिची कुठेच लागत नव्हती तरी.

बाहेर बाकावर आम्ही तिघं जरा बसलो. ती आमच्यासमोर उभी राहिली. पिशवी अजून पाठीवरच होती.

"तुम्ही सगळीकडे असंच भांडता?" तिने विचारलं.

"बाहेर आल्यावर जरा सभ्यपणे भांडतो," मी म्हणालो. "घरात जास्त."

"मी पण भांडते," ती म्हणाली. हे ती बजावून सांगत होती, आधीच. "खूप भांडते. तुमच्याशी पण भांडेन."

"भांड की," बायको म्हणाली. "पाहिजे तेवढं भांड. पण भांडून झाल्यावर जायचं कुठे नाही. तिथेच बसून राहायचं, आपल्या घरात, तोंड फुगवून. आम्ही पण तेच करतो."

तिने माझ्याकडे बघितलं, हे खरं आहे का म्हणून. मी मान हलवली. तिने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी तर दोन-दोन दिवस बोलत नाही."

मग तिने पाठीवरची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "जड आहे," ती म्हणाली, "तुम्ही घ्या." आणि बायको आणि आईच्या मध्ये जी एवढीशी जागा होती, तिथे कोपराने दोघींना सरकवत ती बसली.